तो निळा आहे, त्याचं जमणार नाही

हल्ली चार नोकरदार माणसं जमली की पगार, ट्रॅफिक आणि मुलांच्या शाळा यांच्यानंतर चौथा विषय निघतो तो स्वभावाच्या चाचण्यांचा. कंपनीने ऑनलाइन प्रश्नावली भरून घेतलेली असते. कुणाला चार अक्षरं मिळालेली असतात, कुणाला रंग. मग तट पडतात. एक तट म्हणतो, हे शास्त्र आहे. माणूस ओळखून त्याच्या प्रकृतीचं काम दिलं तर ऑफिसातली निम्मी भांडणं मिटतील. दुसरा म्हणतो, हे राशिभविष्यच आहे, फक्त सूटबूट घातलेलं. दोघंही तावातावाने एकाच गोष्टीवर भांडतात: चाचणी खरी की खोटी? मला हा प्रश्नच दुय्यम वाटतो. उद्या समजा थर्मामीटरने ताप सांगावा तितक्या अचूकपणे स्वभाव सांगणारी चाचणी निघाली, तरी तिच्यावरून कामं वाटू नयेत असं माझं मत आहे. सहकाऱ्यांचं एकमेकांशी पटत नाही याचं कारण बहुतेक वेळा कामाच्या मांडणीत असतं, आणि स्वभावाचं नाव पुढे केलं की ती मांडणी करणारा साहेब अलगद सुटतो.

वीसेक वर्षं मी कारखान्यांत काढली, त्यातली बरीचशी चाकणच्या पट्ट्यात. एका ठिकाणी प्रॉडक्शनचा सुपरवायझर आणि क्वालिटीचा इन्स्पेक्टर यांचं रोज वाजायचं. रोज म्हणजे रोज, आणि वेळही ठरलेली. पहिली शिफ्ट साडेतीनला सुटायची, तीन वाजले की सुपरवायझर ट्रॉलीला हात लावून उभा, "पास करा हो माल, खाली गाडी उभी आहे." इन्स्पेक्टर मान वर न करता गेज फिरवत राहायचा आणि शेवटी एक शब्द न बोलता ट्रॉलीला होल्डचा पिवळा टॅग बांधून निघून जायचा. ते न बोलणं सुपरवायझरला शिवीपेक्षा जास्त लागायचं. मॅनेजमेंटने सल्लागार बोलावले. दोन दिवस हॉटेलात ट्रेनिंग झालं, पनीर खाऊन झालं आणि सगळ्यांना छातीवर लावायला रंगीत बिल्ले मिळाले. सुपरवायझर लाल निघाला, म्हणजे धडाडीचा. इन्स्पेक्टर निळा, म्हणजे काटेकोर आणि मितभाषी. अहवालात लिहून आलं की लाल आणि निळा यांच्यात घर्षण स्वाभाविक आहे, दोघांनी एकमेकांची 'भाषा' शिकावी. आणि जाता जाता एक शिफारस: निळ्या माणसाला ग्राहकाच्या ऑडिटसमोर उभं करू नये. इन्स्पेक्टर अकरा वर्षं ऑडिट देत होता. त्या महिन्यापासून त्याला मागे बसवलं. भांडण थांबलं नाहीच, त्याला रंग तेवढे चढले. आधी "ओ इन्स्पेक्टर" म्हणणारा आता "ए निळ्या" म्हणायला लागला.

खरं कारण मशीन लावून देणाऱ्या एका जुन्या सेटरने सांगितलं, तेही चहाच्या टपरीवर, कुणी विचारलं नसताना. दोन लाइनींत मिळून माप तपासायचा एअर गेज एकच. त्यामुळे सकाळपासूनचा माल साचून शेवटच्या तासात इन्स्पेक्शनला यायचा. सुपरवायझरचा इन्सेन्टिव्ह शिफ्ट संपताना निघालेल्या नगांवर, आणि इन्स्पेक्टरचं अप्रेझल ग्राहकाकडून परत आलेल्या तक्रारींवर. म्हणजे माल राहिला तर एकाचा खिसा कापला जाणार, माल गेला तर दुसऱ्याचा. त्या जागी एकनाथ महाराज उभे केले असते तरी तीन वाजता त्यांचा आवाज चढला असता. पुढे दुसरा गेज आला, दर दोन तासांनी तपासणी सुरू झाली आणि इन्सेन्टिव्ह पास झालेल्या नगांवर मोजला जाऊ लागला. तीन आठवड्यांत तीनची आरडाओरड बंद पडली. स्वभाव दोघांचेही होते तिथेच होते.

आता 'हे सगळं थोतांड' म्हणणाऱ्यांकडे वळू, कारण त्यांचा मुद्दा अर्धा खरा आहे. सर्वांत गाजलेली, चार अक्षरं देणारी मायर्स-ब्रिग्ज चाचणी कॅथरीन ब्रिग्ज आणि इझाबेल ब्रिग्ज मायर्स या अमेरिकन मायलेकींनी घडवली. दोघींपैकी कुणीही मानसशास्त्राचं रीतसर शिक्षण घेतलेलं नव्हतं. आधार घेतला तो स्विस मनोवैज्ञानिक कार्ल युंगने १९२१ साली मांडलेल्या व्यक्तिप्रकारांचा. दुसऱ्या महायुद्धात नव्याने नोकरीत शिरणाऱ्या बायकांना आपल्याजोगं काम सापडावं, असा इझाबेलचा हेतू होता, आणि तो प्रामाणिक होता. चूक आहे ती मोजण्याच्या पद्धतीत. माणसांची उंची मोजून पाच फूट पाच इंचांवर रेघ मारायची आणि वरच्यांना 'उंच', खालच्यांना 'बुटके' असे दोनच शिक्के द्यायचे, तसं हे आहे. बहुतेक लोक रेघेच्या आसपासच असतात. म्हणून काही आठवड्यांनी तीच प्रश्नावली पुन्हा दिली की बऱ्याच जणांचं एखादं तरी अक्षर बदलतं. ही चाचणी नोकरभरतीसाठी वापरू नये, असं तर ती विकणारी कंपनी स्वतःच सांगते. आमच्याकडे मात्र मुलाखतीच्या आधी ती भरून घेणारे महाभाग मी पाहिले आहेत.

मग ती इतक्या जणांना पटते कशी? १९४८ साली बर्ट्रम फोरर या मानसशास्त्रज्ञाने आपल्या ३९ विद्यार्थ्यांची चाचणी घेतली आणि आठवड्याने प्रत्येकाला 'तुमचं व्यक्तिचित्र' म्हणून एक कागद दिला. हे वर्णन तुम्हाला किती लागू पडतं, पाचपैकी गुण द्या, म्हणाला. सरासरी आली ४.२६. मग कळलं की सगळ्यांना एकच कागद दिला होता, आणि त्यातली वाक्यं बरीचशी बाजारातल्या ज्योतिषाच्या पुस्तकातून उचललेली होती. 'तुम्ही वरून शिस्तीचे दिसता, पण आतून कधी कधी अस्वस्थ असता.' कोण नसतो?

पण इथे थांबून विजयाची टाळी घेणाऱ्यांशीही माझं पटत नाही. स्वभाव ही खोटी गोष्ट नाही. 'स्वभावाला औषध नाही' ही म्हण आपल्या आज्यांनी उगीच घडवली नाही. मानसशास्त्रातल्या संशोधकांनी चार अक्षरांचा खेळ बाजूला ठेवून जे काम केलं त्यातून पाच गुणांची एक मोजपट्टी तयार झाली. ती माणसांना खोक्यात घालत नाही, प्रत्येक गुण कमी-जास्त प्रमाणात दाखवते. १९९१ साली मरी बॅरिक आणि मायकल माउंट यांनी अनेक अभ्यास एकत्र करून दाखवलं की त्यातला एक गुण, ज्याला आपण सरळ 'नेटकेपणा आणि जबाबदारीची जाणीव' म्हणू, तो जवळजवळ सगळ्या प्रकारच्या कामांत चांगल्या कामगिरीसोबत आढळतो. हा पुरावा भक्कम आहे आणि तो नाकारणं हा अडाणीपणा आहे. मात्र तो काय सांगतो तेही नीट वाचायला हवं. संबंध सातत्याने दिसतो, पण बेताचा. शंभर माणसांच्या गर्दीविषयी तो थोडं सांगतो, समोर बसलेल्या एकाविषयी फारच थोडं. शिवाय नेटकेपणा सगळ्याच कामांत उपयोगी असेल, तर 'अमक्या स्वभावाला अमकं काम' या वाटपाला त्यातून आधार तरी कुठे मिळतो?

जिथे असं वाटप अगदी उघड वाटतं तिथेही ते फसतं. विक्रीच्या कामाला बोलका, बहिर्मुख माणूस हवा, हे कुठल्याही दुकानदाराला विचारा, तो डोळे मिटून सांगेल. ॲडम ग्रँट यांनी २०१३ साली फोनवरून विक्री करणाऱ्या ३४० जणांचा अभ्यास प्रसिद्ध केला. सर्वांत जास्त विक्री केली ती ना बोलघेवड्यांनी ना अबोलांनी. मधल्यांनी केली, जे बोलतातही आणि ऐकूनही घेतात. लक्ष्मी रोडवर साडी दाखवणारे मुरलेले काका आठवा. पन्नास साड्या उलगडतात, पण तोंडाने फार थोडं बोलतात. गिऱ्हाइकाचा हात कुठल्या पदरावर रेंगाळतो एवढंच बघतात.

आता इतिहासाकडे जातो, कारण 'स्वभाव जुळत नाहीत' हे निदान आपण फार मोठ्या माणसांच्या बाबतीतही करून बसलो आहोत. नाना फडणवीस आणि महादजी शिंदे. एक लेखणीचा, एक तलवारीचा. एक आतल्या गाठीचा, एक रांगडा. मग पटणार कसं? शाळेपासून आपण हेच घोकलं. पण हेच दोन स्वभाव बारभाईंच्या काळात राघोबादादा आणि इंग्रज यांच्याविरुद्ध एका बाजूने उभे होते. १७७९ साली वडगावला इंग्रजांना शरण यायला लावलं तेव्हा ते एकत्र होते, आणि इंग्रजांशी १७८२ चा सालबाईचा तह महादजींच्या मध्यस्थीने झाला. तेव्हा लेखणी-तलवार आड आली नाही. बिघडलं कधी? १७८७ साली लालसोटला राजपुतांपुढे माघार घ्यावी लागल्यावर महादजींनी पुण्याकडे मदत मागितली आणि पुण्याहून अलीबहादूर आणि तुकोजी होळकर हे पेशव्यांचे सरदार उत्तरेत गेले तेव्हा. एका प्रांतात तीन सरदार. मुखत्यारी कुणाची, मुलखाचा वाटा कुणाचा, मोहिमेचा खर्च कुणाच्या नावे टाकायचा, काहीच स्पष्ट नाही. १७९२ मध्ये महादजी पुण्याला आले ते फर्मानबाडीच्या, म्हणजे पेशव्यांना बादशाही फर्मान देण्याच्या समारंभाच्या, थाटात, पण पुढची दीड-दोन वर्षं घोळ चालला तो हिशेबांचा. आणि १७९३ मध्ये राजस्थानातल्या लाखेरीला शिंद्यांच्या आणि होळकरांच्या फौजा एकमेकींवर तुटून पडल्या. आजच्या भाषेत सांगायचं तर एकाच टेरिटरीवर दोन-तीन मॅनेजर नेमले, रिपोर्टिंग लिहून दिलं नाही, बजेट अडवलं, आणि नंतर सांगितलं की यांच्या प्रकृती जुळत नव्हत्या. नाना संशयी होते आणि महादजी महत्त्वाकांक्षी, हे मी नाकारत नाही. पण १७७९ मध्येही ते तसेच होते की!

स्वभावावरून काम ठरवण्याचा सर्वांत मोठा प्रयोग मात्र इंग्रजांनी केला, आणि त्याची किंमत याच मातीतल्या लोकांनी मोजली. १८५७ नंतर 'लढाऊ जमाती'चा सिद्धांत जोर धरू लागला. अमुक जात उपजत शूर, तमुक उपजत मवाळ. १८८५ ते १८९३ या काळात सरसेनापती असलेले लॉर्ड रॉबर्ट्स या विचाराचे कट्टर पुरस्कर्ते. मुंबई इलाख्याच्या फौजेत महार शिपाई पिढ्यानपिढ्या होते. १८१८ साली कोरेगावच्या लढाईत कंपनीच्या बाजूने लढताना पडलेल्यांची नावं तिथल्या स्तंभावर आहेत. तरी १८९० च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांची भरती बंद झाली. का? तर वर्गीकरणात ते 'लढाऊ' बसत नव्हते. पहिल्या महायुद्धात माणसं कमी पडली तेव्हा १९१७ साली महार पलटण उभी राहिली, युद्ध संपल्यावर मोडली. दुसऱ्या महायुद्धात, १९४१ साली, महार रेजिमेंट झाली आणि ती आजही आहे. एका समाजाचा 'स्वभाव' पन्नास वर्षांत चारदा बदलला असं मानायचं, की बदलली ती फक्त फाईल?

यावर लगेच कुणी म्हणेल, तुलना ओढूनताणून आहे. तिथे जन्मावरून शिक्का होता, इथे माणसाची स्वतःची उत्तरं विचारात घेतात. फरक खरा आहे आणि लहान नाही. पण हाच बचाव आपल्याकडे आधीही झाला होता. वर्ण जन्मावरून मानू नका, गुणावरून माना, मग चातुर्वर्ण्य वाईट नाही, असं आर्यसमाजी मंडळी म्हणत. लाहोरच्या जातपात तोडक मंडळासाठी १९३६ साली लिहिलेल्या आणि प्रत्यक्षात होऊच न शकलेल्या भाषणात डॉ. आंबेडकरांनी या गुणवाल्या वर्णालाही सोडलं नाही. माणसांचे गुण इतके नाना परीचे असतात की त्यांना ठरावीक चार कप्प्यांत बसवताच येणार नाही, आणि ग्रीक तत्त्वज्ञ प्लेटोने समाजाचे कल्पिलेले तीन वर्गही याच कारणाने कोसळतात, असा त्यांचा युक्तिवाद होता. जातिव्यवस्था ही श्रमाची नव्हे, श्रमिकांची विभागणी आहे, हेही त्याच भाषणातलं. हे वाचताना मला आमचा इन्स्पेक्टर आठवतो. ऑडिटचं काम दोघा-तिघांत वाटणं ही श्रमाची विभागणी झाली असती. 'निळ्यांनी ऑडिट द्यायचं नाही' ही श्रमिकांची झाली.

आणि हे शिक्के सगळ्यांवर सारख्या वजनाने बसत नाहीत. पुरुष आवाज चढवून बोलला तर 'लाल', बाई बोलली तर 'तापट'. एखादी ताई 'भावनाप्रधान, जुळवून घेणारी' निघाली की निरोपसमारंभाचा केक, नव्या मुलींची समजूत, रडणाऱ्याला पाणी, मीटिंगची टिपणं हे सगळं तिच्याकडे येतं. प्रमोशनच्या वेळी साहेब म्हणतात, ताई फार गोड, पण निर्णय घेणारी प्रकृती नाही तिची. निर्णय घ्यायला तिला दिलाच कधी?

चाचण्यांच्या बाजूचा सर्वांत वजनदार मुद्दा अजून राहिलाच. तो असा की चाचणी नको म्हणता, मग ठरवायचं कशावरून? साहेबाच्या मनावरून? म्हणजे आडनावावरून, गावावरून, कॉलेजवरून, इंग्रजीच्या उच्चारावरून. त्यापेक्षा कागदावरचे साठ प्रश्न बरे नाहीत का? या मुद्द्यापुढे मी बराच काळ अडलो होतो, कारण साहेबांचं मन मी जवळून पाहिलं आहे. पण निवड या दोहोंतच करायची असं कुणी सांगितलं? सुतार ठेवताना आपण त्याची रास विचारत नाही की रंग. एक फळी देतो आणि रंधा मारून दाखव म्हणतो. उमेदवाराला प्रत्यक्ष कामाचा नमुना करायला देणं आणि सगळ्यांना तेच ठरलेले प्रश्न विचारून तीच मोजपट्टी लावणं, या दोन साध्या पद्धती मनमोकळ्या गप्पांच्या मुलाखतीपेक्षा चांगल्या ठरतात, हे निवडीवरच्या संशोधनात पुन्हा पुन्हा दिसलं आहे. त्यांना खर्च कमी आणि मेहनत जास्त लागते. हॉटेल आणि पनीर नाही, त्यामुळे त्या फारशा लोकप्रिय नाहीत.

एकत्र काम करणाऱ्या गटांबाबतही हेच. गुगलने २०१२ पासून आपल्या १८० गटांचा अभ्यास केला. चांगल्या गटांत कुठल्या स्वभावांचं मिश्रण असतं याचं सूत्र काही हाती लागलं नाही. कोण गटात आहे यापेक्षा ते एकमेकांशी कसे वागतात, चूक कबूल केली तर टिंगल होते का, प्रत्येकाला बोलायला मिळतं का, याला जास्त महत्त्व निघालं. या गोष्टी प्रश्नावलीत सापडत नाहीत, त्या वरिष्ठाने घडवाव्या लागतात.

ज्याला चाचणीतून स्वतःविषयी काही उमगतं त्याची मी थट्टा करणार नाही. माझी भाची पुण्यात आयटीत आहे. तिला 'अंतर्मुख' हा शब्द मिळाला आणि शुक्रवारच्या पार्टीला न जाण्याचा अपराधीपणा गेला. घरात आत्तापर्यंत तिला माणूसघाणीच म्हणत होते. शब्द तिने स्वतःसाठी घेतला, त्याने तिला मोकळीक मिळाली. तोच शब्द तिच्या मॅनेजरने एक्सेल शीटमध्ये तिच्या नावापुढे लिहिला तेव्हा तिचं क्लायंट कॉलवरून नाव गेलं. समर्थांनी दासबोधात मूर्खाची लक्षणं ढीगभर दिली आहेत, पण ती कशासाठी सांगितली तेही तिथेच म्हटलं आहे: टाकून देण्यासाठी. ऐकणाऱ्याने आपल्यातलं ओळखून सोडावं म्हणून. गावचावडीवर कोण मूर्ख याची नोंदवही ठेवावी म्हणून नव्हे.

दोन वर्षांनी तेच सल्लागार आमच्याकडे पुन्हा आले. तीच प्रश्नावली, तेच बिल्ले. एव्हाना दुसरा गेज आलेला होता, इन्स्पेक्टरच्या हाताखाली दोन नवी पोरं दिलेली होती, त्यांना तो दिवसभर शिकवत असायचा. या वेळी तो हिरवा निघाला: समजूतदार, माणसं जोडणारा. एचआरच्या मॅडम गोंधळल्या. संध्याकाळी लाइनवर येऊन त्यांनी त्यालाच विचारलं, सिस्टीममध्ये एकच रंग टाकता येतो, जुना ठेवू की नवा? त्याने गेजवरून मान वर केली नाही. म्हणाला, "मॅडम, ऑडिटला बसता येईल तो टाका."